मूठभर वाळूची साक्ष

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिच्या पोटात एक अट दडलेली आहे हे ध्यानात येत नाही. भात एकाच तांदळाचा असला पाहिजे आणि पातेल्यात वर-खाली सारखा शिजत असला पाहिजे. अनुभवी बाई आधी पळी तळापर्यंत घालून भात हलवते आणि मगच शीत बोटांत दाबून पाहते. तळाचा भात करपायला आला असेल आणि वरचा कणीदार राहिला असेल, तर वरचे शीत तळाविषयी काहीच सांगू शकत नाही. म्हणीत ही पळी आलेली नाही. ती आपण गृहीत धरतो.

या लेखाचा विषय ती गृहीत धरलेली पळी हा आहे. पातेल्याच्या जागी २५ टन वाळू भरलेला ट्रक आहे आणि शिताच्या जागी प्रयोगशाळेच्या तराजूत पडणारी ५० ग्रॅम वाळू.

मी धातुशास्त्राचा पदवीधर नाही. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअरची नोकरी करताना वाळूची चलने, वजनकाट्याच्या पावत्या आणि तपासणीचे अहवाल रोज हाताखालून जात. त्या कागदांमधून पडलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधत मिळेल ते वाचत गेलो. साहित्याच्या वाचकाने वाळूच्या नमुन्यात रस का घ्यावा, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, थोड्यावरून पुष्कळाविषयी बोलण्याचा हक्क आपल्याला केव्हा मिळतो, हा प्रश्न वाळूत फार स्वच्छ दिसतो. तिथे मतभेदाला जागा कमी असते आणि चूक झाली की ती लोखंडात उतरते.

वाळू कशासाठी तपासायची?

ओतकामाच्या कारखान्यात, म्हणजे फाउंड्रीत, वितळलेले लोखंड ज्या साच्यात ओततात तो साचा बहुतांशी वाळूचा असतो. सिलिका वाळू, तिला चिकटपणा देणारी बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे हे मिश्रण. लोखंड ओतले की साच्यातल्या पाण्याची वाफ होते, कोळशाचा वायू होतो आणि त्यांना दाण्यांमधल्या फटींतून बाहेर पडावे लागते. वाळूत बारीक भुकटी जास्त असेल तर फटी बुजतात, वायू आत कोंडतो आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. त्यांना कारखान्यात 'ब्लो होल' म्हणतात. उलट दाणा फार जाड असेल तर पातळ धातू फटींत शिरतो आणि कास्टिंगचा पृष्ठभाग खरखरीत होतो. ज्या वाळूचा राळ घालून 'कोअर' करतात, तिच्यात बारीक भुकटी वाढली तर राळ जास्त लागते, कारण दाणे जितके बारीक तितका माखायचा पृष्ठभाग मोठा. म्हणून वाळूच्या दाण्यांचा आकार आणि तिच्यातली माती यांवर कारखान्याचा नफा-तोटा ठरतो.

कोल्हापूरकडे सिलिका वाळू मुख्यतः सिंधुदुर्गातून येते. कणकवली तालुक्यात कासार्डे, फोंडा या भागांत तिच्या खाणी आहेत. खणलेली वाळू धुऊन, चाळून ट्रकमध्ये भरतात. काही ट्रक तळेऱ्याहून करूळ घाट चढून गगनबावड्यामार्गे येतात, काही फोंडा घाटाने. फाउंड्रीच्या दारात ट्रक आला की त्याचे वजन होते आणि तपासणीसाठी नमुना काढला जातो.

प्रयोगशाळेतली मूळ तपासणी साधी आहे. ५० ग्रॅम सुकी वाळू घेऊन आधी तिच्यातली माती धुऊन काढतात आणि उरलेले दाणे एकाखाली एक रचलेल्या चाळण्यांवर १५ मिनिटे हलवतात. प्रत्येक चाळणीवर किती वाळू राहिली याचे वजन करून, प्रत्येकीचा ठरलेला गुणक लावून, एक आकडा काढतात. अमेरिकन फाउंड्रीमेन्स सोसायटीच्या नावावरून त्याला एएफएस नंबर म्हणतात. आकडा मोठा तर वाळू बारीक. अहवालात तो दशांशासह छापला जातो आणि त्या दशांशाचा मोठा दरारा असतो.

आता हिशेब करून पाहू. २५ टन म्हणजे अडीच कोटी ग्रॅम. त्यातले ५० ग्रॅम तपासले, म्हणजे ५ लाखांतला एक भाग तपासला. तुमच्या हातातल्या या अंकासारखे, प्रत्येकी लाखभर शब्दांचे, पाच दिवाळी अंक घ्या. त्या पाचही अंकांतला मिळून एक शब्द वाचून त्यांच्यावर अभिप्राय द्यायचा, असे हे काम आहे. ऐकायला हे हास्यास्पद वाटते. पण नवल हे की, वाळूच्या बाबतीत ते शक्य आहे. अट एकच : तो एक शब्द योग्य रीतीने निवडला गेला पाहिजे.

नमुना लहान असतो म्हणून बिघडत नाही

पहिली समजूत अशी असते की, ५० ग्रॅम फार थोडे आहे म्हणून अहवाल चुकतो. ती तपासून पाहू. ०.३ मिलिमीटर व्यासाचा क्वार्ट्झचा गोल दाणा धरला, तर एका ग्रॅममध्ये असे सुमारे २७ हजार दाणे बसतात. ५० ग्रॅममध्ये ते १३ लाखांच्या घरात जातात. समजा, ट्रकमधला दर दहावा दाणा बारीक आहे, आणि एखाद्या देवाने सगळे दाणे एकसारखे मिसळून, चिठ्ठ्या टाकून, त्यांतले १३ लाख निवडून दिले. मग निव्वळ योगायोगाने येणारा फरक संख्याशास्त्राच्या नियमाने ०.०३ टक्क्यांच्या आसपास राहील. एवढ्याने कोणाचे कास्टिंग बिघडत नाही.

प्रत्यक्षात मात्र एकाच ट्रकच्या दोन अहवालांत याच्या कितीतरी पट फरक पडतो. तेव्हा दोष पन्नास ग्रॅमच्या लहानपणाकडे जात नाही. तो ते पन्नास ग्रॅम कुठून आणि कसे आले, याच्याकडे जातो.

या गोष्टीचे पूर्ण शास्त्र रचणारा माणूस म्हणजे पिएर जी हा फ्रेंच अभियंता. त्याचा जन्म १९२४चा, मृत्यू २०१५चा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तो फ्रेंच काँगोतल्या शिशाच्या खाणीवर काम करीत होता. खनिजाच्या प्रचंड ढिगात धातू किती, हे ठरवायला किती नमुना घ्यावा, या प्रश्नाने त्याला पछाडले आणि तो त्याचा आयुष्यभराचा विषय झाला. त्याच्या सूत्राचा गाभा असा की, योगायोगाच्या चुकीचे मान, म्हणजे तिचे प्रचरण, दाण्याच्या व्यासाच्या घनाबरोबर वाढते आणि नमुन्याच्या वजनाबरोबर कमी होते. दाणा दुप्पट जाड झाला, तर तेवढ्याच विश्वासासाठी नमुना आठपट घ्यावा लागतो. ०.३ मिलिमीटरच्या वाळूला जिथे ५० ग्रॅम पुरतात, तिथे तशाच घडणीच्या ३ मिलिमीटरच्या खडीला ५० किलो लागतील. वाळूचा दाणा बारीक आहे, हे आपले भाग्य.

पण या भाग्यालाही अपवाद आहे. काचेच्या वाळूत क्रोमाइटसारख्या खनिजाचा एखादा दाणा आला, तर तो भट्टीत विरघळत नाही आणि तयार काचेत काळा ठिपका होऊन बसतो. समजा, एका किलोत असा एकच दाणा आहे. मग ५० ग्रॅमच्या नमुन्यात शंभरातल्या ९५ वेळा तो सापडणारच नाही. अहवाल 'आढळला नाही' असे म्हणेल आणि ते अक्षरशः खरे असेल. ट्रकमध्ये मात्र असे २५ हजार दाणे असतील. जे दुर्मीळ आहे त्याच्याविषयी लहान नमुन्याचे मौन हा पुरावा होऊ शकत नाही. तिथे नमुना मोठाच हवा.

दाण्यांची पंगत

वाळू कधीच स्वस्थ मिसळून राहत नाही. दिवाळीचा फराळ चालू असताना घरच्या घरी पाहता येईल. वाटीभर साबुदाणा आणि वाटीभर रवा चांगला एकत्र करा आणि कागदाच्या नरसाळ्यातून एकाच जागी हळूहळू ओता. तयार झालेल्या ढिगाच्या पायथ्याशी साबुदाणा घरंगळत जाऊन जमलेला दिसेल, आणि ढीग मधोमध कापला तर आत रवा सापडेल. जाड दाणा उतारावरून लांब जातो, बारीक दाणा फटींत शिरून जिथल्या तिथे थांबतो. ओतण्याच्या कृतीतच निवड होते. सुपात धान्य पाखडणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊक होतेच. हलवल्याने मिसळते आणि हलवल्यानेच वेगळेही होते. कोणत्या रीतीने हलवले यावर सगळे अवलंबून.

वाळूच्या वाटेवर अशी पाखडणी पावलोपावली होते. खाणीवर पट्ट्यावरून ढीग पडतो, तिथे जाड दाणे कडेला जातात. लोडर कोणत्या बाजूने खोरे घालतो त्यावर ट्रकमध्ये काय भरले जाते ते ठरते. घाटातले हिसके बसताना सुटा, बारीक दाणा फटींतून खाली सरकतो. ओली वाळू असेल तर पाणी तळाशी निथळते. वरची वाळू वाऱ्याने सुकते आणि तिच्यातली भुकटी उडून जाते. ट्रक दारात येईपर्यंत दाणे आपापल्या आकाराच्या पंगतीला बसलेले असतात.

आणि अशा ट्रकच्या फाळक्यावर चढून, हाताला येईल तिथून, प्लॅस्टिकच्या पिशवीत चार मुठी वाळू भरली जाते. पुष्कळ ठिकाणी नमुना घेणे याचा अर्थ एवढाच असतो. त्या पिशवीवर ट्रकचा नंबर लिहिला, की त्या चार मुठी पंचवीस टनांच्या वतीने बोलू लागतात.

ओलाव्याचा हिशेब तर थेट पैशाचा आहे. वाळू वजनावर विकली जाते. २५ टनांच्या ट्रकमध्ये ओलावा ५ टक्के असेल तर त्यात सव्वा टन पाणी आहे. ३ टक्के असेल तर पाऊण टन. वरची सुकी मूठ घेतली तर पुरवठादार सुखी, तळाची ओली घेतली तर कारखाना सुखी. दोघांच्या सुखातला फरक ५०० किलो पाण्याचा.

मापाची कड : सुखात्मे यांचा धडा

नमुन्याच्या शास्त्रात एका मराठी माणसाचे नाव जगभर घेतले जाते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचा. त्यांचे काम वाळूवरचे नव्हते, पिकांवरचे होते; पण त्यांनी पाहिलेली एक गोष्ट वाळूलाही लागू पडते.

शेतातले उत्पन्न अंदाजायचे तर सगळे शेत आधी कापून मोजता येत नाही. म्हणून चिठ्ठ्यांच्या पद्धतीने जागा निवडायची, तेवढ्या तुकड्यातले पीक कापायचे, वजन करायचे. १९४०च्या दशकात तुकडा केवढा असावा यावर मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बंगालमधल्या पाहण्यांत लहान तुकडे वापरले जात. ते सोयीचे होते आणि थोड्या खर्चात जास्त जागा पाहता येत. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष चाचण्या घेऊन दाखवले की, फार लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून दिसते.

कारण मोठे मानवी आहे. रेषेवरचे रोप आत की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी. वर्तुळाची त्रिज्या निम्मी केली तर क्षेत्राच्या मानाने परीघ दुप्पट होतो, आणि कडेवरच्या रोपांचा वाटाही. यात लबाडी कोणाचीच नाही. तरीही चूक दर वेळी एकाच बाजूला पडते, आणि असे हजार तुकडे कापले तरी ती कमी होत नाही.

इथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक चूक कधी इकडे तर कधी तिकडे पडते. अशा चुकांची सरासरी काढली की त्या एकमेकींना खातात : एका जागी घेण्याऐवजी १६ जागी नमुना उचलला, तर ही चूक साधारण चौथाईवर येते. दुसरी चूक कायम एकाच बाजूला झुकलेली असते. दहा मिनिटे पुढे असलेले घड्याळ दिवसातून शंभरदा पाहिले म्हणून वेळ बरोबर होत नाही. ट्रकच्या फाळक्यावरून हात पोचेल तिथूनच वाळू घेणारा माणूस कितीही वेळा वाळू घेवो, तो हात पोचणाऱ्या वाळूचाच नमुना घेत राहतो.

पिएर जी यानेही खनिजांच्या बाबतीत हाच नियम पायाशी ठेवला : ढिगातल्या प्रत्येक कणाला नमुन्यात येण्याची सारखी संधी मिळाली पाहिजे. ज्या कणाला ती संधी शून्य आहे, त्याच्याविषयी नमुन्याला बोलता येत नाही. मग प्रयोगशाळेतला तराजू कितीही सूक्ष्म असो.

तर मग घ्यायचा कसा?

पावडरींच्या मापनाचा जाणकार टेरेन्स ॲलन याने दोन सोनेरी नियम सांगितले आहेत. पहिला : वाळू वाहती असताना नमुना घ्यावा, पडून असताना नाही. दुसरा : वाहत्या धारेचा एक भाग सतत घेत राहण्यापेक्षा संपूर्ण धार थोडा थोडा वेळ, पण पुष्कळदा घ्यावी. कारण धारेलाही कडा असतात आणि मध्य असतो. धारेच्या कडेला धरलेला डबा कडेचीच वाळू गोळा करतो.

पट्ट्यावरून वाळू पडत असेल तर सगळ्यात उत्तम. तोंड पुरेसे रुंद असलेले भांडे धारेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेच्या पलीकडे सारख्या वेगाने न्यायचे, भांडे भरून वाहू द्यायचे नाही, आणि ठरलेल्या अंतराने हे पुन्हा पुन्हा करायचे. अशा प्रत्येक वेळच्या भागाला मी 'उचल' म्हणतो. पुष्कळ उचली मिळून एक नमुना होतो.

लहान कारखान्यात पट्टा नसतो, फावडे असते. तिथे ट्रक रिकामा करतानाच काम साधता येते. ठरलेला आकडा मोजायचा, उदाहरणार्थ दर पन्नासावे फावडे, आणि ते वेगळ्या ढिगात टाकायचे. मग त्या लहान ढिगाचे पुन्हा दर दहावे फावडे. फावडे कोणते निवडायचे हे डोळ्यांनी ठरवायचे नाही, मोजणीने ठरवायचे. यात ट्रकचा तळ येतो, कोपरे येतात आणि फाळक्याजवळचा भागही येतो. वाळू पोत्यांतून आली असेल तर सगळ्यात वरची चार पोती फोडायची नाहीत. पोत्यांना क्रमांक देऊन चिठ्ठ्या टाकायच्या. आणि ढीग आधीच पडलेला असेल, तर तो हलवताना नमुना घ्यायचा. ढिगाच्या अंगावरून खरवडलेली वाळू म्हणजे ढिगाच्या कातडीचा नमुना.

ओलाव्याचा नमुना वेगळा, लगेच, घट्ट झाकणाच्या डब्यात. बाकीची वाळू सुकवून मगच पुढे वाटायची.

आता हाती समजा २० किलो वाळू आहे आणि हवी आहे ५० ग्रॅम. निम्मी लढाई इथे हरली जाते. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी रीत चतकोर पाडण्याची : वाळूचा शंकूसारखा ढीग करायचा, तो दाबून चपटा करायचा, भाकरीसारखे चार चतकोर करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकायचे. हवी तेवढी वाळू उरेपर्यंत हेच. रीत जुनी आहे आणि तिला काही खर्च नाही. पण ढीग करताना जाड दाणा घरंगळणारच, आणि तो चारी बाजूंना सारखा घरंगळला असे मानण्यावर सगळी भिस्त. शंकूचे टोक जरा एका अंगाला कलले की चतकोर सारखे राहत नाहीत.

१९७० साली ॲलन आणि खान या दोघांनी जाड आणि बारीक वाळूचे ६०:४० मिश्रण करून निरनिराळ्या रीती तपासल्या. चतकोर पाडण्याच्या रीतीत निकालांची फेक सुमारे ७ टक्के निघाली. नुसत्या चमच्याने उचलण्यात सुमारे ५ टक्के. खाचांच्या पेटीत ती सुमारे १ टक्का होती, आणि फिरत्या विभाजकात पाव टक्क्याहूनही कमी. चतकोरांची रीत त्या सुक्या, सुट्या मिश्रणात नुसत्या चमच्यापेक्षाही मागे पडली, हे वाचल्यावर मी तो तक्ता पुन्हा पुन्हा पाहिला होता.

खाचांची पेटी, कारखान्याच्या भाषेत रिफल बॉक्स, ही अवघड वस्तू नाही. पत्र्याच्या पेटीत सारख्या रुंदीच्या पन्हळी एक डावीकडे, एक उजवीकडे अशा उतरत्या बसवलेल्या असतात. वर ओतलेली वाळू दोन तसराळ्यांत निम्मी निम्मी पडते. वाळू पेटीच्या सगळ्या रुंदीवर सारखी सोडायची आणि दोहोंतले कोणते तसराळे ठेवायचे ते आळीपाळीने ठरवायचे. शिरोलीतला कोणताही पत्राकाम करणारा ती करून देऊ शकेल. फिरत्या विभाजकात वाळूची बारीक धार फिरत्या चकतीवरच्या अनेक भांड्यांत पुन्हा पुन्हा पडते. ॲलनचे दोन्ही नियम त्यात एकत्र आले आहेत : वाळू वाहती आहे, आणि प्रत्येक भांड्याला संपूर्ण धार थोडा थोडा वेळ मिळते आहे.

शेवटी प्रयोगशाळेने बरणीतून चमच्याने ५० ग्रॅम काढायचे नाहीत. बरणी हलवून वरचा चमचा घेतला, तर बरणीतली पंगत पुन्हा मोडली आणि पुन्हा मांडली गेली. वाटणी पेटीनेच ५० ग्रॅमच्या जवळ आणायची आणि जेवढी आली तेवढी सगळी तपासायची. ५१.३ ग्रॅम आली तर ५१.३ ग्रॅम. टक्केवारीला ते चालते. तराजूवर चिमूट चिमूट काढून बरोबर ५० करण्यात त्या चिमटीची निवड घुसते.

आपली रीत कितपत विश्वासाची, हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. विषम क्रमांकाच्या उचली एका पिशवीत, सम क्रमांकाच्या दुसरीत. एकाच ट्रकचे दोन स्वतंत्र नमुने तयार होतात. त्यांच्या निकालांत जो फरक पडेल, त्याहून बारीक भेदावर कोणाशी भांडू नये. एएफएस नंबर ५४.३ आणि ५२.९ यांवरून ट्रक परत पाठवण्यापूर्वी आपले स्वतःचे दोन नमुने एकमेकांशी किती जुळतात, हे माहीत असले पाहिजे.

दोन खऱ्या अहवालांचे भांडण

अशा एका भांडणाला मी हजर होतो. कोकणातला एक लहान पुरवठादार आणि आमच्या भागातला एक कारखाना. कारखान्याचा अहवाल म्हणे वाळूत भुकटी फार, म्हणून बिलातून कपात. पुरवठादाराने खाणीवरच्या ढिगाचा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासून आणला. त्यात भुकटी मर्यादेत. दोन्ही प्रयोगशाळा चांगल्या. एकमेकांना लबाड म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली. पुरवठादार सारखे म्हणत होते, "साहेब, मी वाळू धुऊन पाठवतो हो, माती विकत नाही."

मी दोघांनाही एकच विचारले : नमुना कोणी घेतला आणि कुठून? खाणीवर तो ढिगाच्या पायथ्याचा होता, म्हणजे जिथे जाड दाणा जमतो तिथला. कारखान्यात तो ट्रक रिकामा झाल्यावर तळाशी उरलेल्या वाळूतून घेतला होता, म्हणजे जिथे घाटभर हिसके खाऊन भुकटी उतरली होती तिथला. दोघांचे अहवाल आपापल्या मुठीविषयी खरे होते. ट्रकविषयी त्या दोघांनाही काही ठाऊक नव्हते.

पुढच्या ट्रकला दोन्हीकडची माणसे उभी राहिली. फावडी मोजली गेली, नमुना पेटीतून वाटला गेला आणि तीन सीलबंद पिशव्या झाल्या : एक त्यांची, एक यांची, एक वादासाठी राखून ठेवलेली. निकाल दोन्ही जुन्या आकड्यांच्या मध्ये आला. थोडी कपात झाली, पण ती पुरवठादारांनी सही करून मान्य केली. तिसरी पिशवी उघडावी लागली नाही.

सर्वांत शेवटचा हात

या विषयात मला अस्वस्थ करणारी गोष्ट शास्त्राची नाही. वाळूच्या साखळीत यंत्रावर खर्च होतो, चाळण्यांच्या प्रमाणपत्रांवर होतो, पदवीधर केमिस्टच्या पगारावर होतो. नमुना मात्र कोण आणतो? ज्या हेल्परला दुसरे काही काम नसेल तो. त्याला कोणी सांगितलेले नसते की, त्याच्या फावड्याने केलेली चूक पुढच्या कोणत्याही यंत्राला दुरुस्त करता येत नाही. प्रयोगशाळा वाळूचे पृथक्करण करते. हरवलेली वाळू ती परत आणू शकत नाही. सगळ्यांत कमी पगाराच्या हातावर सगळ्यांत न दुरुस्त होणारे काम सोपवलेले असते आणि त्याच्या नावासाठी कागदावर रकानासुद्धा नसतो.

त्याच्या छातीचाही विचार कोणी केलेला नसतो. सुक्या सिलिकाची जी धूळ डोळ्यांना दिसते, तिच्याहून न दिसणारी अधिक घातक. काही मायक्रॉनचे तिचे कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. म्हणून वाळू ओतताना, पेटीतून वाटताना चांगल्या प्रतीचा मास्क आणि धूळ ओढून घेणारी सोय हवी. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे कण थांबत नाहीत. यात नमुन्याचाही स्वार्थ आहे : जी भुकटी हवेत उडाली, ती अहवालात येणार नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते : वरील निष्कर्ष केवळ प्राप्त झालेल्या नमुन्यापुरते लागू आहेत. पुष्कळांना ती जबाबदारी झटकणारी वाटते. मला ती त्या कागदावरची सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते. प्रयोगशाळा सांगते आहे की, मला पिशवी माहीत आहे, ट्रक माहीत नाही. पिशवी आणि ट्रक यांच्यामधले अंतर कोणीतरी चालून जायचे आहे, आणि ते काम तिचे नाही.

म्हणून ज्यांच्या हातात कारखान्याचे छापील फॉर्म बदलणे आहे, त्यांच्यापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. अहवालात एएफएस नंबरच्या वर चार रकाने घालावेत : नमुना कोणी घेतला, कुठून घेतला, किती उचलींत घेतला आणि कशाने वाटला. ते कोरे राहिले, तर खालचा आकडा दशांशासह छापू नये. आणि पहिल्या रकान्यात हेल्परचे पूर्ण नाव लिहावे, कारण त्या कागदावरचा पहिला साक्षीदार तो आहे.